भुतापेक्षा पोरं भयंकर

व्हॅम्पायरची कादंबरी म्हटली की माझ्या वयाच्या बाईने नाक मुरडावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मी मुरडत नाही. सहावी-सातवीच्या वर्गांना मराठी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि त्या काळात दिवाळी अंक हातात आला की आधी भयकथा, मग वैचारिक लेख, हा क्रम मी कधी मोडला नाही. नारायण धारप मी वाचनालयातून आणून आणून वाचले. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे हे कळल्यावर ते मूळ पुस्तकही मिळवून वाचलं. सांगायचा मुद्दा, रक्त पिणाऱ्या मंडळींशी माझी ओळख जुनी आहे.

तरीही यॉन आयविदे लिंडक्विस्ट या स्वीडिश लेखकाच्या ‘लेट द राइट वन इन’ या कादंबरीने मला पेचात टाकलं. स्वीडिशमध्ये ती २००४ साली आली. मी वाचला तो एबा सेगरबर्ग यांचा इंग्रजी अनुवाद. पुस्तक पाचशे पानांच्या घरातलं. त्यातलं निम्मं इतकं चांगलं आहे की ते शिक्षकांच्या प्रशिक्षणात लावावं असं मला वाटतं, आणि उरलेल्यातला बराच भाग संपादकाने निर्दयपणे कापायला हवा होता. कुठलं निम्मं कुठलं, तेच इथे सांगायचं आहे. गोष्टीतलं थोडंफार उघड केल्याशिवाय ते सांगता येणार नाही, तेव्हा ज्यांना कोरी पाटी घेऊन वाचायचं असेल त्यांनी हा लेख नंतरसाठी ठेवावा.

आधी थोडी वंशावळ. इंग्रजी साहित्यात व्हॅम्पायरला सरदारी रुबाब मिळाला तो जॉन पॉलिडोरीच्या १८१९ सालच्या कथेपासून. १८७२ मध्ये शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ आली आणि १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’. त्यानंतर काळा झगा, पडका किल्ला, दिवसा शवपेटीत झोप, उन्हाचं वावडं आणि बोलावल्याशिवाय उंबरठा न ओलांडणं हा सगळा सरंजाम हळूहळू रूढ झाला. किंगने हे भूत अमेरिकेतल्या छोट्या गावात नेलं. पुढच्याच वर्षी ॲन राइसने त्याला बोलतं केलं, आपली दुःखं सांगायला लावली. आणि २००५ मध्ये, म्हणजे लिंडक्विस्टच्या पुस्तकानंतर जेमतेम वर्षभरात, स्टेफनी मायरच्या ‘ट्वायलाइट’ने त्याला हायस्कुलातला देखणा प्रियकर करून टाकलं. लिंडक्विस्टची एली या घराण्यातली, पण तिच्या अंगाला वास येतो, केस गुंतलेले असतात आणि ती भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते.

हा फ्लॅट आहे स्टॉकहोमच्या पश्चिमेकडच्या ब्लॅकेबर्ग या उपनगरात. लेखक १९६८ साली जन्मला आणि याच उपनगरात वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर स्टॉकहोमने शहराबाहेर आखीव वसाहती उभ्या केल्या. १९५२ मध्ये मेट्रोचा फाटा तिकडे गेला आणि त्या मार्गावर एकेक वस्ती भरत गेली. जवळचंच वेलिंगबी तर नमुनेदार नगररचना म्हणून जगभरातले लोक पाहायला येत. घर, काम आणि बाजारपेठ एकाच ठिकाणी, मधे झाडी, मुलांना खेळायला जागा. कादंबरी सुरू होतानाच लेखक सांगतो की ब्लॅकेबर्गमध्ये सगळं होतं, भूतकाळ तेवढा नव्हता. साधं चर्चसुद्धा नव्हतं. म्हणूनच पुढे जे घडलं त्याला तोंड द्यायची तिथल्या लोकांची काहीच तयारी नव्हती.

ही सुरुवात मला फार आवडली. आपल्याकडे मुंजाला पिंपळ लागतो, हडळीला विहीर लागते, निदान एखादा पडका वाडा तरी लागतो. भूत म्हणजे जागेचा जुना हिशेब. कथाकार रत्नाकर मतकरींनी ते भय शहरी मध्यमवर्गीय घरात आणलं हे खरं, पण तिथेही बहुधा कुणाचं तरी जुनं पाप मागे असतंच. लिंडक्विस्ट नेमकं उलट करतो. जिथे कुणाचे आजोबा पुरलेले नाहीत, जिथे कुठल्याच जिन्याला दंतकथा नाही, अशा स्वच्छ, सरकारी, सारख्या दिसणाऱ्या इमारतींत तो भूत राहायला आणतो. भूत तरी कसं? भाडेकरू म्हणून, रात्री टॅक्सीतून, सोबत बाप वाटावा असा एक माणूस.

काळ आहे १९८१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. त्याच ऑक्टोबरच्या २७ तारखेला सोव्हिएत नौदलाची एक पाणबुडी कार्ल्सक्रोनाच्या नाविक तळाजवळ खडकावर चढून बसली होती. पूर्ण देश रेडिओला कान लावून होता. शत्रू दारात आला आणि आपल्याला पत्ताच नव्हता, ही त्या आठवड्यांतली भावना. लेखक या घटनेचा उपयोग पार्श्वभूमीला करतो. बाहेरच्या पाणबुडीची चर्चा सगळे करतात, पण आपल्याच वस्तीतल्या शाळेच्या स्वच्छतागृहात काय चाललंय हे कुणी विचारत नाही.

त्या स्वच्छतागृहात असतो ऑस्कर. वय बारा, अंगाने थुलथुलीत, आईबरोबर राहणारा. वडील दूर गावाकडे. ते प्रेमळ आहेत, पण शेजारी बाटली घेऊन आला की वेगळाच माणूस होतात. वर्गातली तीन पोरं ऑस्करला डुक्कर म्हणतात आणि डुकरासारखं ओरडायला लावतात. भीतीने त्याचे कपडे ओले होतात, म्हणून तो चड्डीत स्पंजचा एक बोळा ठेवतो. पुस्तकात अनेकांचे गळे चिरले जातात, पण त्या बोळ्याइतकं मला काहीच लागलं नाही.

याचं कारण माझ्या नोकरीत आहे. ज्याला वर्गातली पोरं छळतात तो मुलगा बाईंकडे येऊन सांगत नाही. तो ओळखावा लागतो. मधल्या सुट्टीत तो कधी लघवीला जात नाही, तास सुरू झाल्यावर परवानगी मागतो, कारण सुट्टीत तिथे कोण असेल याची त्याला धास्ती असते. घंटा झाल्यावर दप्तर भरायला तो उगाच वेळ लावतो. त्याची कंपासपेटी नेहमी ‘हरवते’. आणि त्याच्यावर हसणाऱ्यांच्या बरोबर तोही हसतो. ही शेवटची खूण सगळ्यांत वाईट, कारण ती बघून शिक्षकही ‘पोरं मजा करतायत’ म्हणून मोकळे होतात. लिंडक्विस्टला हे सगळं ठाऊक आहे. तो तरुणपणी जादूचे प्रयोग करायचा, पुढे कित्येक वर्षं स्टँडअप कॉमेडी करत होता. लोक कशावर हसतात आणि का हसतात, हे त्याने जवळून पाहिलेलं आहे.

इथे स्वीडनबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. १९७९ मध्ये या देशाने मुलांना मारायला कायद्याने बंदी केली, शाळेतच काय, घरीसुद्धा. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. आणि शाळेतल्या मुलांच्या आपापसातल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला तो डॅन ओल्वेउस या मूळच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने, १९७० च्या दशकात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : एकदोनदा झालेली मारामारी म्हणजे छळ नव्हे. तोच मुलगा पुन्हापुन्हा लक्ष्य होणं, आणि दोन्ही बाजूंची ताकद इतकी असमान असणं की त्याला प्रतिकार करताच येऊ नये, याला छळ म्हणायचं. ऑस्करची गोष्ट घडते ती अशा देशात. मोठ्यांनी मुलांवर हात उगारायचा नाही हे तिथे ठरून दोन वर्षं झालेली आहेत. मुलांनी मुलांना काय करायचं नाही हे मात्र अजून कुणी नीट ठरवलेलं नाही. कादंबरीची खरी ताकद या फटीत आहे.

ऑस्कर काय करतो? खुनांच्या बातम्यांची कात्रणं वहीत चिकटवतो. चोरून मिळवलेला सुरा घेऊन जवळच्या झाडीत जातो आणि एका झाडाला छळणाऱ्या त्या तिघांतला जॉनी समजून भोसकतो. नेमक्या त्याच दिवशी वेलिंगबीत एका मुलाचा खून होतो. ऑस्करला क्षणभर वाटतं, हे माझ्यामुळे तर झालं नाही? वाचणाऱ्याच्याही लक्षात येतं की हा बिचारा मुलगा नुसता बिचारा नाही. लेखक त्याला निष्पाप ठेवत नाही, याचं मला कौतुक वाटतं. छळलेल्या मुलांच्या मनात काय काय साठतं हे ज्यांनी निबंधाच्या वह्या तपासल्यात त्यांना विचारा.

अंगणातल्या खेळण्यांपाशी त्याला एली भेटते. दिसायला बारा वर्षांची, थंडीत अंगात कोट नाही. पहिल्याच भेटीत सांगून टाकते की आपली मैत्री होऊ शकत नाही. तो तिला रुबिक क्यूब देतो. तोवर असली वस्तू तिने पाहिलेली नसते, आणि ती तो सोडवून परत करते. दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, म्हणून ते मोर्सच्या खुणा शिकतात आणि रात्री भिंतीवर टकटक करून बोलतात. हे प्रसंग लेखकाने इतक्या हलक्या हाताने लिहिलेत की एली दोनशे वर्षांहून जास्त काळ बारा वर्षांचीच आहे हे आपण विसरतो, आणि मग एकदम आठवतं.

एक प्रसंग मुद्दाम सांगते. बोलावल्याशिवाय घरात शिरायचं नाही, हा व्हॅम्पायरचा जुना नियम. पण बोलावलं नाही तर नक्की काय होतं, हे बहुतेक पुस्तकांत कुणी दाखवत नाही. ऑस्कर दारात उभ्या एलीला तेच विचारतो. थोडा चेष्टेने, थोडा हट्टाने, आपल्या हातात सत्ता आलेल्या मुलाच्या सुरात. एली उत्तर देत नाही. न बोलावता आत येऊन उभी राहते. आणि मग तिच्या अंगातून, डोळ्यांतून, कातडीच्या रंध्रारंध्रातून रक्त येऊ लागतं. ऑस्कर घाबरून ‘ये, ये’ म्हणून ओरडतो. या दोन पानांत लेखकाने जुन्या नियमाला नवा अर्थ दिला आहे. ज्याच्यावर रोज बळजबरी होते, त्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यावर बळ चालवायची संधी मिळते, तो ती घेतो, आणि त्याचा परिणाम त्याला समोर उभा राहून बघावा लागतो. हा कुठल्याही शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासापेक्षा भारी धडा आहे.

व्हिर्जिनियाचं उपकथानकही मला तेवढंच आवडलं. सुपरमार्केटात काम करणारी मध्यमवयीन बाई, दारुड्या मित्रमंडळीत रमणारी. एली तिच्यावर झडप घालते, पण तिचा मित्र लाके मधे पडतो म्हणून ती वाचते. आणि वाचणं हीच शिक्षा ठरते. एली आपल्या शिकारीची मान मोडते ती क्रौर्यापोटी नव्हे, हे आपल्याला तेव्हा समजतं. मान मोडली नाही तर रोग पसरतो. व्हिर्जिनियाच्या आत काहीतरी वाढायला लागतं, ऊन सोसत नाही, भूक आवरत नाही. गल्लीतल्या एकाच्या घरभर मांजरी असतात, त्या तिला ओळखतात आणि तुटून पडतात. शेवट इस्पितळात, सकाळच्या उन्हात. आजारी माणसाला आपला आजार कळत जाण्याची ही गोष्ट आहे, आणि ती लेखकाने सबुरीने सांगितली आहे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार होकानबद्दल. एलीबरोबर ‘बाप’ म्हणून राहणारा हा माणूस पूर्वी शिक्षक होता आणि त्याची नजर लहान मुलांवर असते. एलीसाठी रक्त मिळवणं हे त्याचं काम. पूर्वार्धात लेखक आपल्याला त्याच्या डोक्यात नेऊन बसवतो. ते वाचणं अतिशय किळसवाणं आहे, पण मी त्याला आक्षेप घेणार नाही. असा माणूस स्वतःला राक्षस समजत नाही, प्रेमवीर समजतो, हे शिक्षणक्षेत्रातल्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. आक्षेप आहे तो उत्तरार्धाला. पकडला जाताना होकान स्वतःच्या चेहऱ्यावर ॲसिड ओततो, पुढे इस्पितळाच्या खिडकीतून पडतो आणि मेल्यावरही उठतो. मग चेहरा नसलेलं, एकाच वासनेने भारलेलं ते शरीर गावभर हिंडत राहतं आणि तळघरात एलीपर्यंत पोचतं. इथे कादंबरीचा तोल जातो. आधीचा होकान भयंकर होता कारण तो शेजारी वाटायचा. नंतरचा होकान हे जत्रेतलं भूत. त्या तळघरातल्या पानांत मुलावर होणाऱ्या अत्याचाराचं जे वर्णन आहे, त्यातून कथेला काहीही मिळत नाही, वाचकाला फक्त हादरा मिळतो.

दुसरी तक्रार गर्दीची. चोऱ्यामाऱ्या करणारा, गोंद हुंगणारा टॉमी, त्याची विधवा आई, आईचा पोलीस मित्र, लाकेची मद्यपी चौकडी, तिच्यातले वाद. प्रत्येकाला पानंच्या पानं. टॉमीचं आईच्या मित्राशी न पटणं हा ऑस्करच्या बापाच्या गोष्टीला चांगला जोड होता. पण लेखक धागे इतके वाढवतो की ऑस्कर आणि एली भेटायला मला ताटकळत बसावं लागलं. तिसरी तक्रार एलीच्या भूतकाळाची. एली मुळात एलियास नावाचा मुलगा होता, एका उमरावाने त्याचं काय केलं, ही पुस्तकातली सगळ्यांत मोठी गोष्ट. ती लेखक एका चुंबनातून झरझर दाखवतो आणि पुढे निघून जातो. जिथे थांबायला हवं तिथे घाई आणि जिथे सरकायला हवं तिथे मुक्काम.

ही माझी एकटीची कुरकुर नाही, याचा पुरावा खुद्द लेखकाने दिला आहे. २००८ मध्ये टोमास आल्फ्रेडसन यांनी या कादंबरीवर चित्रपट केला, त्याची पटकथा लिंडक्विस्टचीच. त्यात मेल्यावर उठणारा होकान नाही, टॉमी नाही, तळघर नाही. उरतात दोन मुलं, बर्फ आणि शांतता. चित्रण होयटे व्हान होयटेमा यांचं, ज्यांनी पुढे ‘ओपनहायमर’ चित्रित केला. दोन वर्षांनी मॅट रीव्ह्ज यांनी इंग्रजीत पुन्हा केला आणि गोष्ट अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत नेली. तोही वाईट नाही, पण स्वीडिश चित्रपट आधी बघावा.

मात्र एका बाबतीत मी पुस्तकाच्या बाजूने आहे. चित्रपटात होकानचा इतिहास गाळल्यामुळे अनेक प्रेक्षकांनी निष्कर्ष काढला की होकानही कधीकाळी ऑस्करसारखाच मुलगा असणार आणि ऑस्कर मोठा होऊन त्याची जागा घेणार. वाचायला हे हुशारीचं वाटतं, पण पुस्तकात तसं काही नाही. तिथे होकान एलीला भेटतो तो मोठेपणी, आपल्या वासनेसकट. ऑस्कर एलीवर प्रेम करतो ते एली कोण आहे हे कळल्यानंतरही, आणि ती मुलगी नाही हे कळल्यानंतरही. हा फरक लेखकाला इतका महत्त्वाचा वाटला की त्याने पुढे ‘लेट द ओल्ड ड्रीम्स डाय’ ही कथा लिहून दोघांच्या पुढच्या आयुष्याबद्दलचा गैरसमज दूर केला.

राहता राहिला शेवट, आणि माझी खरी अस्वस्थता तिथेच आहे. जॉनीचा मोठा भाऊ ऑस्करला पोहण्याच्या तलावात गाठतो, त्याचं डोकं पाण्यात दाबतो आणि श्वास रोखून धरला नाहीस तर डोळा काढीन म्हणतो. मग एली येते. काय होतं ते सांगत नाही, पण ती पानं वाचताना मी खूश झाले. पुरेपूर खूश. वर्षानुवर्षं ज्या पोरांना ‘जाऊ दे, दुर्लक्ष कर’ एवढंच सांगता आलं, त्या सगळ्यांच्या वतीने खूश झाले. दुसऱ्या दिवशी मात्र वाटलं, ज्यांना फाडलं ती पोरंच होती. मोठा भाऊ तर चिडला होता कारण ऑस्करने वर्गातली बाकं पेटवली आणि त्यात त्यांच्या वडिलांचे फोटो जळाले. लेखक हे कारण लपवत नाही, पण तलावापाशी पोचल्यावर त्याला त्याचं काही करायचं नसतं. त्याला वाचकाच्या टाळ्या हव्यात आणि त्या तो वाजवून घेतो. छळलेल्या मुलाला वाचवायला कुणीतरी राक्षसच यावा लागतो, मोठ्या माणसांपैकी कुणी नाही, हा त्याचा निष्कर्ष आहे. शाळेत व्यायाम शिकवणारे आविला सर ऑस्करच्या दंडातली ताकद वाढलेली बघतात आणि खूश होतात. ती ताकद त्याला का हवी आहे हे विचारत नाहीत. मी त्या सरांना नावं ठेवू शकत नाही. आमच्या शिक्षक खोलीत असे सर आणि अशा बाई भरपूर होत्या, आणि सगळ्या सज्जन.

म्हणून माझा कौल असा : एली आणि ऑस्करसाठी, व्हिर्जिनियासाठी आणि त्या भूतकाळ नसलेल्या वसाहतीसाठी पुस्तक जरूर वाचा. होकान खिडकीतून पडला की पानं भराभर उलटायला हरकत नाही, काही हुकणार नाही. घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती हे पुस्तक देऊ नका. त्याच्या वर्गशिक्षकांना मात्र भेट द्या, आणि पहिल्या प्रकरणाशी खूण घालून द्या.